चावताना जबडा एका बाजूला सरकतो : वाढत्या वयात सांध्याच्या कूर्चेचं काय होतं?

कैरीचीडाळ | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पहिल्यांदाच धागा काढतेय, चूभूद्याघ्या. इथे किडलेल्या दातांवर आणि अक्कलदाढेवर ढीगभर धागे आहेत, पण हे कुठे सापडलं नाही.

लेक ८ वर्षांची. दिवाळीत तिच्या मामाने तिचा चकली खातानाचा व्हिडिओ काढला, हळू वेगात लावून सगळे हसत होते. मला मात्र दिसलं की प्रत्येक घासाला तिची हनुवटी डावीकडे जातेय. दुसऱ्या दिवशी आरशासमोर उभी केली. तोंड उघडं असताना वरच्या दोन पटाशीच्या दातांमधली रेघ आणि खालच्या दातांमधली रेघ एकाखाली एक. मग म्हटलं, सावकाश मिट. डावीकडचा खालचा सुळा वरच्या सुळ्याला टेकतो, क्षणभर अडतो, आणि खालचा जबडा सुळकन डावीकडे जाऊन बसतो. रेघ अर्ध्या दाताने हललेली. डाव्या बाजूला खालच्या दाढा वरच्या दाढांच्या बाहेर.

दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा असा उलटा चावा म्हणजे क्रॉसबाइट, वरचा जबडा अरुंद आहे, टाळूला स्क्रूचं यंत्र लावून तो रुंद करावा लागेल. 'आत्ताच करा, नाहीतर दोन्हीकडच्या सांध्यांची कूर्चा (कार्टिलेज) वेगवेगळी वाढेल' हे त्यांचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, १२ वर्षांनंतर ब्रेसेस लावू, तोवर घरी जा. सासूबाईंचं म्हणणं, दुधाचे दात पडले की होईल सरळ, आमच्या पिढीत कोण बघत होतं.

दाताच्या वाकडेपणाने सांध्याच्या आतल्या कूर्चेला खरंच काही होतं, की घाबरवून यंत्र गळ्यात मारायचा प्रकार आहे?

(पाचव्या वर्षापर्यंत अंगठा चोखायची. हे आधीच सांगते, नंतर ओरडू नका.)


मिरगाचापाऊस | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

वाचतेय. माझ्या मुलाचंही असंच काहीसं आहे.


शंकासुर | १४ नोव्हेंबर, रात्री ११:३२

गळ्यात नाही, टाळूत मारतायत. हलके घ्या. पण प्रश्न चांगला आहे. दंतकथाताईंना कुणीतरी हाक मारा.


दंतकथा | १५ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

आले आले. ओपीडी संपवून लिहितेय, लांबेल.

कैरीचीडाळ, तुम्ही आरशासमोर जे केलंत तीच आमची पहिली तपासणी. उघड्या तोंडात रेघा जुळतात आणि मिटताना सरकतात, याचा अर्थ जबड्याचं हाड अजून वाकडं झालेलं नाही. वरची कमान अरुंद आहे, खालच्या दातांना नीट बसायला जागा मिळत नाही, म्हणून पोरगी जबडा बाजूला नेऊन सोय करून घेते. दाराची चौकट आवळली की दार तिरकं करून लावावं लागतं, तसं.

आता सांधा. कानाच्या भोकासमोर बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याचं टोक, त्याला कॉन्डाइल म्हणतात. दोन्हीकडे एकेक, आणि दोन्ही एकाच हाडाची टोकं. त्यामुळे एकटं काहीच हलत नाही. जबडा डावीकडे सरकला की उजवं कॉन्डाइल आपल्या खोबणीतून पुढे आणि खाली ओढलं जातं, डावं मागे-वर दाबलं जातं. जेवताना, गिळताना, दात मिटले की प्रत्येक वेळी.

मोठ्या माणसात या टोकावर कूर्चेचा नुसता पातळ अस्तर असतो. वाढत्या मुलात तीच कूर्चा जबड्याची उंची-लांबी वाढवण्याच्या कामातही असते. तिचा उभा काप सूक्ष्मदर्शकाखाली वीटभट्टीसारखा दिसतो. सगळ्यात वर चिवट तंतूंचं झाकण. त्याखाली सतत दुभंगणाऱ्या पेशी, हा ओला चिखल. त्याखाली कूर्चेच्या पेशी बनतात, ही कच्ची वीट. मग त्या फुगतात, भोवती कॅल्शियम बसतं, आणि तळाशी त्या जागी हाड येतं. भट्टी जितकी जोरात चालेल तितकं त्या बाजूचं हाड वर आणि मागे वाढतं, आणि हनुवटी पुढे-खाली ढकलली जाते.

गुडघ्याजवळच्या हाडातही वाढीची पट्टी असते, पण ती प्रामुख्याने आनुवंशिकता आणि हार्मोन्स यांच्या हुकमावर चालते. जबड्याची कूर्चा तुलनेने जास्त कानोसा घेणारी. कुठून दाब येतोय, कुठून ताण येतोय, त्याप्रमाणे दुभंगणाऱ्या पेशींचा वेग कमी-जास्त होतो. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला अलेक्झांडर पेत्रोविक यांनी १९७०च्या दशकात हे उंदरांवर फार बारकाईने दाखवलं. वाढत्या उंदराचा जबडा यंत्राने पुढे धरून ठेवला की कॉन्डाइलच्या कूर्चेतलं पेशीविभाजन वाढतं. मॅक्नमारांनी अमेरिकेत रीसस माकडांवर तसेच प्रयोग केले. लहान माकडांत चांगला प्रतिसाद, पूर्ण वाढलेल्यांत फारच थोडा.

तुमच्या लेकीच्या प्रश्नाशी जास्त जवळचे प्रयोग म्हणजे वाढत्या उंदरांचा जबडा मुद्दाम एका बाजूला सरकवून ठेवला ते. ज्या बाजूचं कॉन्डाइल पुढे ओढलं गेलं तिथली कूर्चा जाड झाली, पेशी जास्त दुभंगल्या. ज्या बाजूला जबडा सरकला तिथली पातळ. एकाच उंदराच्या डोक्यात दोन वेगाच्या भट्ट्या. तुमच्या डॉक्टरांच्या वाक्यामागे हे आहे.

पण म्हणून दाब वाईट असं समजू नका. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, सांध्यातल्या द्रवातून तिचं पोषण होतं, आणि दाब पडणं-सुटणं या पंपानेच ते आत पोचतं. वाढत्या उंदरांना नुसतं मऊ खाणं दिलं तरी कूर्चा पातळ राहते. तेव्हा वरणभात कालवून भरवणाऱ्या आयांनो, भाकरी, शेंगदाणे, उसाचं कांडं हे पण चालू द्या. (यंत्र तोंडात असताना नाही!)


आडगल्ली | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:०२

वीटभट्टी! वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).


शंकासुर | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

ताई, छान लिहिलंत, पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराचा जबडा मुख्यतः पुढे-मागे चालतो, त्याचं अख्खं बालपण काही आठवड्यांचं. क्रॉसबाइट असलेल्या मुलांच्या सांध्याचे काप कुणी काढलेत का? नसतील तर 'कूर्चा वेगवेगळी वाढेल' हे पालकांना छातीठोक कसं सांगता येतं?


दंतकथा | १५ नोव्हेंबर, रात्री ९:५०

रास्त. जिवंत मुलाची कूर्चा कापून बघता येत नाही, आणि साध्या एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही, दिसतं ते हाड. तेव्हा माणसात आपण परिणामावरून माग काढतो. उंदराचा सांधा वेगळा हेही खरं. आपल्या खोबणीपुढे जो उंचवटा असतो तो त्याच्यात जवळपास नाहीच.

माणसांबद्दल इतकं म्हणता येतं : एका बाजूचा क्रॉसबाइट असलेल्या मुलांत चावण्याची लय बदलते, त्या बाजूला घास चावताना जबड्याचा फेरा उलटा फिरतो. लहान वयात कमान रुंद केली की जबडा बहुतेकदा मध्यावर येऊन मिटतो. उपचार न झालेल्या काही मोठ्यांत जबड्याची एक बाजू खरोखर आखूड सापडते, तेव्हा मिटण्यातला वाकडेपणा हाडात उतरलेला असतो. पण सगळ्यांत नाही. दोन्ही कॉन्डाइलची मापं घेणाऱ्या अभ्यासांत काहींना फरक दिसला, काहींना नाही. म्हणून मी पालकांना 'होईल' म्हणत नाही, 'होऊ शकतं, आणि आत्ता सोपं आहे' म्हणते.

दुसरं म्हणजे, वाढ असमान होणं वेगळं आणि सांधा दुखणं वेगळं. क्रॉसबाइट म्हणजे पुढे सांधेदुखी ठरलेलीच, असं कुणी सांगत असेल तर त्याला आधार कच्चा आहे. उलटीही गंमत ऐका. १९८७ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या एका ज्युरीने ब्रेसेसमुळे सांधा बिघडला म्हणून रुग्णाला साडेआठ लाख डॉलर द्यायला लावले. तिथल्या ऑर्थोडॉन्टिस्टांचं (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांचं) धाबं दणाणलं, मग संशोधनाला पैसा आला. त्यातून जे हाती लागलं ते असं, की ब्रेसेसने सांधा बिघडतो असंही नाही आणि ब्रेसेस लावले म्हणून वाचतो अशी हमीही नाही. तेव्हा सांधेदुखीची भीती घालून कुणी यंत्र विकत असेल तर उठून या. जबडा सरकतो म्हणून लावतोय असं म्हणत असेल तर ऐका.

आणि कैरीचीडाळ, ती रात्री घोरते का? तोंड उघडं टाकून झोपते का? तसं असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) बघून घ्या. नाक बंद असेल तर जीभ टाळूला टेकत नाही, आणि वरची कमान अरुंद राहायला तेही एक कारण.


माणदेशी | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो.

आमचा थोरला भाऊ ४ वर्षांचा असताना ओट्यावरून हनुवटीवर पडला. दवाखान्यात नेलं, हनुवटीला तीन टाके, घरी परत. सांध्याकडे कुणी बघितलं नाही, आणि आमच्या आईबापाला काय माहीत. वर्षा-दोन वर्षांत तोंड कमी उघडायला लागलं. दहाव्या वर्षी माझी करंगळी जाईल एवढीच फट. भाकरी दुधात कुस्करून आई दातांच्या फटीतून आत सारायची. हनुवटी उजवीकडे गेलेली, मागे गेलेली. पाहुणे त्याच्या डाव्या गालाकडे बघून विचारायचे, हा गाल का बसलाय? प्रत्यक्षात डावी बाजू धडधाकट होती, उजव्या बाजूचा सांधा जुळून हाड झालं होतं.

पुढे मुंबईला ऑपरेशन झालं. जुळलेलं हाड काढलं आणि बरगडीचा तुकडा कूर्चेसकट बसवला. नंतर सहा महिने तोंडात लाकडी पट्ट्या घालून व्यायाम, रडत रडत. आता तीन बोटं जातात. तो स्वतः हनुवटीवर पडलेलं पोर दिसलं की आईबापाला गाठून विचारतो, तोंड पूर्ण उघडतंय का बघितलं का?


दंतकथा | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

माणदेशी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आपल्याकडे सांधा असा जुळण्याचं अजूनही सगळ्यात मोठं कारण लहानपणी पडणं हेच. हनुवटीचा मार थेट वर कॉन्डाइलला लागतो. मुलांत सांधा बांधून ठेवायचा नसतो, उलट लवकर हलवायला लावायचा असतो, नाहीतर साचलेल्या रक्तातून हाड जुळतं. भट्टीच बंद पडली की हनुवटी त्याच बाजूला वळते.

बरगडीचा तुकडा घेतात तो त्यातल्या कूर्चेच्या वाढीसाठीच. पण ती कूर्चा जबड्याची बोली पूर्ण शिकत नाही. कधी कमी वाढते, कधी बेसुमार वाढून हनुवटी दुसऱ्या बाजूला ढकलते. म्हणून अशा मुलांना वाढ संपेपर्यंत दरवर्षी बघावं लागतं.


नाचणी | १६ नोव्हेंबर, दुपारी १:४५

अजून एक उलटी साखळी सांगते. भाचीला लहान मुलांचा संधिवात. गुडघे सुजले म्हणून निदान झालं, जबड्याबद्दल तिची एक तक्रार नव्हती. तिच्या आईने फक्त एवढंच पाहिलं की वर्षभरात हनुवटी मागे गेल्यासारखी दिसतेय आणि जांभई देताना तोंड वाकडं होतं. एमआरआयमध्ये जबड्याच्या दोन्ही सांध्यांत सूज. डॉक्टर म्हणाले, हा सांधा मुलांत न दुखता झिजतो. म्हणजे दात वाकडे म्हणून सांधा बिघडला असं नव्हतं, सांधा बिघडला म्हणून चावा बदलला.


मिरगाचापाऊस | १६ नोव्हेंबर, दुपारी २:१०

बापरे. लगेच दोघांना जांभया द्यायला लावल्या. सरळ आहेत.


विषमभुज | १७ नोव्हेंबर, रात्री १२:२०

आयडी का घेतलाय ते आज कळेल. वय ३६, डाव्या बाजूचा क्रॉसबाइट, लहानपणी कुणी बघितला नाही. पासपोर्टचा फोटो काढणारा दर वेळी म्हणतो, सर मान सरळ करा. मान सरळच असते.

तीन वर्षांपूर्वी कुतूहल म्हणून दाखवलं. ओपीजी (सगळ्या जबड्याचा एकत्र एक्स-रे) काढला, डावीकडचा जबड्याचा उभा भाग उजव्यापेक्षा आखूड. आता यंत्राने टाळू रुंदावत नाही, हाडं जुळलेली, करायचं तर शस्त्रक्रिया. उजवीकडे तोंड उघडताना कट्ट आवाज येतो, दुखत काहीच नाही. नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही असं त्यांनीच सांगितलं. मी शस्त्रक्रिया केली नाही, करणारही नाही. व्यवस्थित चावतो, मटण खातो, लग्न झालंय.

लिहायचं कारण दोन्ही बाजूंनी आहे. काही न केल्याने माझं आयुष्य वाया गेलं नाही. पण आठव्या वर्षी जे काही महिन्यांत झालं असतं ते छत्तिसाव्या वर्षी भूल देऊन हाड कापून करायचं, हा सौदा मला कुणी तेव्हा समजावला असता तर बरं झालं असतं.

अवांतर : ऑफिसातली पोरं जीभ टाळूला चिकटवून जबडा घडवतायत. रील बघून. त्याचं काय?


दंतकथा | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

पंचविशीतलं हाड जिभेच्या जोरावर हलत नाही. करू देत बापडे, निदान तेवढा वेळ बोलणार नाहीत.

विषमभुज, तुम्हाला मिळालेला सल्ला बरोबर होता. न दुखणाऱ्या कट्टला हात लावू नये.


कैरीचीडाळ | २० नोव्हेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. घोरते, हो. ईएनटीकडे जाऊन आलो, ॲडेनॉइड थोडं वाढलंय, नाकातला स्प्रे दिलाय, ऑपरेशन नको म्हणाले. यंत्र लावायचं ठरवलं. ताई, बारा वर्षांपर्यंत थांबून काय तोटा, हे नवऱ्याला अजून पटवायचंय.


दंतकथा | २० नोव्हेंबर, रात्री १०:५०

त्यांना सांगा, खालचा जबडा लहान आणि मागे असेल तर थांबण्यात फारसं बिघडत नाही. ट्विन ब्लॉकसारखी खालचा जबडा पुढे धरणारी यंत्रं सात-आठव्या वर्षी लावली काय आणि अकरा-बाराव्या वर्षी लावली काय, शेवट जवळपास सारखाच. लवकर लावण्याचा ठळक फायदा एवढाच की पुढे आलेले वरचे दात पडझडीत तुटण्याचं प्रमाण कमी होतं. तुमचे दुसरे डॉक्टर बहुधा तो नियम इथे लावतायत. सरकणाऱ्या क्रॉसबाइटचं गणित वेगळं. टाळूमधला सांधा या वयात सहज उघडतो, पंधरा-सोळानंतर कठीण जातं, आणि मधल्या चार वर्षांत ती त्याच वाकड्या चाव्यावर वाढत राहते. दुधाचे दात पडून आपोआप सुटणाऱ्या केसेस असतात, पण त्यांच्या भरवशावर बसावं इतक्या नाहीत.

खर्च अडचणीचा असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग असतो. फेऱ्या जास्त होतात, पण हात चांगले असतात.


कैरीचीडाळ | १८ डिसेंबर, रात्री ९:३०

अपडेट. यंत्र बसून तीन आठवडे झाले. टाळूच्या मध्ये स्क्रू, रोज रात्री एक पाव फेरा, म्हणजे पाव मिलिमीटर. किल्ली इतकी बारीक की पहिल्या दिवशी माझाच हात थरथरत होता. डॉक्टरांनी किल्लीला दोरा बांधून दिलाय, तो बोटाला गुंडाळून ठेवायचा, चुकून सुटली तर घशात जाऊ नये म्हणून. फेरा दिला की ती नाकाच्या दांड्याला हात लावते, 'इथे दाबल्यासारखं होतंय' म्हणते, दहा मिनिटांत विसरते.

नवव्या दिवशी पुढच्या दोन दातांत फट पडली. सासूबाईंनी देवाजवळ दिवा लावला आणि मला दोन दिवस बोलल्या नाहीत. फट पडणं म्हणजे दोन हाडं वेगळी होतायत, ही चांगली खूण, असं डॉक्टरांनी फोनवर त्यांनाच समजावलं. आता फट आपोआप भरत आलीय. 'स' म्हणताना 'श' येतोय. साबुदाण्याची खिचडी बंद, स्क्रूमध्ये एकेक दाणा जाऊन बसतो.

आज २२ फेरे पूर्ण. अजून चार द्यायचेत, गरजेपेक्षा थोडं जास्तच उघडतात, कारण पुढे थोडं मिटतं म्हणे.


कैरीचीडाळ | २६ जून, संध्याकाळी ६:४०

धागा वर काढतेय. यंत्र सहा महिने तसंच ठेवलं होतं, मधल्या जागेत हाड भरायला. गेल्या आठवड्यात काढलं. आरशासमोर पुन्हा उभी केली. मिटताना सुळे आता एकमेकांना अडत नाहीत, जबडा सरळ वर येतो. दोन रेघांत अगदी केसभर फरक आहे, डॉक्टर म्हणाले कायमचे दात येताना बघू. चावायची जुनी सवय मात्र लगेच सुटली नाही, दोनेक महिने हनुवटी रिकामीच डावीकडे जायची. मग कधी थांबली ते कळलंच नाही.


शंकासुर | २६ जून, रात्री ८:१५

अभिनंदन! दोन्हीकडच्या कॉन्डाइलची उंची मोजली का आधी आणि नंतर? कूर्चेने खरंच बरोबरी केली का हे कळलं असतं.


कैरीचीडाळ | २६ जून, रात्री ८:४०

हाच प्रश्न मी विचारला होता, तुमची आठवण काढून. डॉक्टर म्हणाले, उत्तराने उपचार बदलणार नसेल तर मुलीला जादा एक्स-रे कशाला? पुढचा ओपीजी दात बदलताना लागेल तेव्हाच काढू. तोवर दर सहा महिन्यांनी नुसतं तोंड उघड, मिट.